टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: ड्रॅगच्या शर्यतीत वजन कोणाच्या बोकांडी टाकायचं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण मंडळाचा आहे. त्यांच्या गावाजवळ बंद पडलेल्या सूतगिरणीचं आवार आहे, आत जवळपास अर्ध्या किलोमीटरचा सरळ सिमेंट रस्ता. मालकी पाहणाऱ्यांची लेखी परवानगी मिळाली आहे आणि तिथे मोटारसायकलींची ड्रॅग स्पर्धा, म्हणजे दोन-दोन गाड्यांची सरळ रस्त्यावरची ठरावीक अंतराची शर्यत, घ्यायची आहे. भांडण आतापासूनच सुरू आहे. यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० वाल्यांचं म्हणणं, "आमची १०० सीसी, त्यांची १५५ सीसी, मग एका गटात कसं?" फोर-स्ट्रोकवाले म्हणतात, "टू-स्ट्रोक दर फेऱ्याले फुटते, तिचे सीसी डबल धरा." मंडळाने विचारलं आहे की डबल धरायचे की दीडपट, वजन लावायचं तर कोणाला आणि किती, आणि हरलेला माणूस पुढच्या वर्षी परत येईल असा नियम कोणता.

मी पंचवीस वर्षं इंजिनाच्या बॅरलचं बोरिंग-होनिंगचं काम करतो आणि गेली बारा-तेरा वर्षं लहान-मोठ्या स्पर्धांत गाड्या तपासायला बसतो. थोडक्यात सांगायचं तर डबलही धरू नका आणि दीडपटही धरू नका. का, ते सविस्तर सांगतो.

आधी एक कायद्याची गोष्ट, म्हणजे ती बाजूला पडेल. सार्वजनिक रस्त्यावर हे कराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद आवार आहे म्हणजे सगळं माफ, असंही नाही. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका आणि विमा हे तिन्ही लागतीलच, आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेशी बोलून घेतलेलं बरं. आता इंजिनाकडे येतो.

"टू-स्ट्रोक डबल" हे गणित कुठून आलं? टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून कागदावर दुप्पट. प्रत्यक्षात टू-स्ट्रोकचं काही ताजं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं, एक्झॉस्ट पोर्ट (बॅरलमधून धूर बाहेर जायचं तोंड) उघडा असतानाचा पिस्टनचा प्रवास वाया जातो, आणि ताकद मिळते ती आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यात. जगभरच्या नियमकर्त्यांनी मात्र दुपटीच्या आसपासचेच आकडे धरले. मोटोक्रॉसमध्ये १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक, २५० समोर ४५०. २००२ साली मोटोजीपीमध्ये ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आणल्या. निकाल काय लागला? त्या वर्षी टू-स्ट्रोकला एकही शर्यत जिंकता आली नाही आणि पुढच्या वर्षी त्या जवळजवळ दिसेनाशाच झाल्या. तिथे कारखान्यांना फोर-स्ट्रोककडे जायचंच होतं, म्हणून तो नियम तसा केला. तुमच्या मंडळाला कोणाला मैदानाबाहेर घालवायचं आहे का? नसेल तर तो आकडा उचलू नका.

आता आपल्या गाड्यांवर या. आरएक्स १०० चं बोर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ५०, म्हणून ९८ सीसी, आणि कंपनीतून निघाली तेव्हा ११ हॉर्सपॉवर. म्हणजे लिटरला, हजार सीसीमागे, साधारण ११२. यामाहाच्याच फोर-स्ट्रोक आर-वन-फाइव्हचं १५५ सीसीचं मॉडेल १९ च्या आसपास हॉर्सपॉवर देतं, म्हणजे लिटरला १२० च्या वर. केटीएमच्या ड्यूक २०० चे २५ हॉर्सपॉवर धरले तरी लिटरला १२५. मूळ कंपनीच्या अवस्थेत आजची चांगली फोर-स्ट्रोक आपल्या म्हाताऱ्या टू-स्ट्रोकपेक्षा सीसीमागे जास्त ताकद काढते! डबल राहू द्या, इथे टू-स्ट्रोकला एकपटही जड जातं.

पण तीच आरएक्स माझ्याकडे येते. पोर्ट वर उचलले, हेड फेसिंग केलं, रीड व्हॉल्व्ह बदलले, मोठा कार्बोरेटर आणि नीट मोजून वाकवलेला एक्सपान्शन पाइप लावला की गाडी दुसरीच होते. फोर-स्ट्रोकमध्ये तेवढा फरक पाडायला कॅम, व्हॉल्व्ह, पिस्टन, ईसीयू असा लाखाच्या घरातला खर्च आहे. टू-स्ट्रोकचं अर्धं काम फाइलने आणि वेल्डिंगने होतं. म्हणून एकच गुणक कधीच बरोबर येत नाही. किती काम करायची मुभा देता त्याप्रमाणे गुणक बदलतो. मूळ गाडीत तो सव्वाच्या आसपास, आणि तोही जुन्या साध्या कम्युटर गाडीसमोर. मोकळी सूट दिलीत तर दीडच्या वर जातो. मंडळात जे भांडण चाललं आहे ते खरं तर याचंच आहे. एक पार्टी मूळ गाडी डोळ्यांसमोर ठेवून बोलते, दुसरी पार्टी पोर्टिंग केलेली.

म्हणून पहिला निर्णय गटांचा. 'मूळ' आणि 'काम केलेली' असे दोन गट करा. मूळ गटात १०० सीसीपर्यंतच्या टू-स्ट्रोकसमोर १२५ सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक ठेवा. शाइन, ग्लॅमर असल्या १२५ च्या गाड्याही १०-११ हॉर्सपॉवरच्याच, वजनाने थोड्या जड, पण जोड चांगली जमते. काम केलेल्या गटात १०० ची टू-स्ट्रोक आणि १६० पर्यंतची फोर-स्ट्रोक. आरएक्स १३५ ला १०० च्या गटात घेऊ नका, कितीही वजन लावलं तरी. पस्तीस टक्के जास्त सीसी वजनाने भरून काढायचे म्हटलं तर पन्नास-साठ किलो बांधावे लागतील, आणि मग ती मोटारसायकल राहत नाही, लमाणांचा बैल होतो.

सीसीची हद्द लिहिताना एक सूट ठेवा. आपल्याकडची एखादीच आरएक्स आता स्टँडर्ड बोरवर असेल. झिजलेलं बॅरल वाढवून कोणी ०.५० वर आहे, कोणी पूर्ण १ मिलिमीटर ओव्हरसाइजवर. ५१ मिलिमीटर बोरला १०२ सीसी होतात. "१०० सीसीपर्यंत" असं कोरडं लिहिलंत तर सरळमार्गी पोरगा बाद होईल. "मूळ सीसी अधिक १ मिलिमीटर ओव्हरसाइज" असं लिहा. मोजायला व्हर्नियर पुरतो. बोरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक.

ड्रॅगच्या इतिहासात वजनाचा खेळ सगळ्यात जास्त झाला तो अमेरिकेत, एनएचआरए या ड्रॅगच्या संस्थेच्या प्रो स्टॉक या कारच्या वर्गात. १९७० साली तो वर्ग सुरू झाला आणि लवकरच क्रायस्लरच्या हेमी इंजिनाच्या गाड्यांनी मैदान मारायला सुरुवात केली. मग नियम आला की दर क्युबिक इंचामागे इतकं वजन, आणि इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे ते वेगवेगळं. १९७२ मध्ये बिल जेन्किन्सने लहान इंजिनाची हलकी शेव्हरले व्हेगा आणली आणि मोसमाची पहिलीच मोठी स्पर्धा मारली. हेमीवाल्यांनी ओरड सुरू केली. पुढची दहा वर्षं आज याला दोन पौंड, उद्या त्याला चार, असंच चाललं. शेवटी १९८२ मध्ये सगळ्यांनाच ५०० क्युबिक इंच आणि एकच किमान वजन करून टाकलं. त्यांच्या प्रो स्टॉक मोटारसायकलमध्ये मात्र तो प्रश्न अजून जिवंत आहे. एका बाजूला सुझुकीचं सरळ रांगेतलं चार सिलिंडरचं इंजिन, दुसरीकडे व्ही आकारातलं दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन. हार्ले डेव्हिडसनची व्ही-रॉड आली आणि २००४, २००५, २००६ अशी सलग तीन विजेतेपदं अँड्र्यू हाइन्सने तिच्यावर मारली. दोन्ही इंजिनांची किमान वजनं वेगळी, आणि वर्षानुवर्षं तिथे किलो-दोन किलोंवरून कचकच. एवढी मोठी संस्था, हजारो धावांची नोंद, तरी कायमचा आकडा सापडलेला नाही. आपल्याला पहिल्याच रविवारी सापडेल अशी आशा ठेवू नका.

वजनाने नेमकं होतं काय, ते मात्र सोप्या हिशोबात बसतं. ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे एकूण वजन ३ टक्के वाढलं तर वेळ साधारण १ टक्का वाढतो. गाडी आणि स्वार मिळून १६० किलो असतील तर ३ टक्के म्हणजे जेमतेम ५ किलो. नऊ सेकंदांच्या धावेत १ टक्का म्हणजे ०.०९ सेकंद, आणि तेवढ्या वेळात शेवटच्या रेषेवर गाडी दोन-अडीच मीटर पुढे गेलेली असते. याचा अर्थ दोन बाजूंनी घ्या. एकीकडे पाच किलो म्हणजे थोडं नाही, शर्यत फिरते. दुसरीकडे ताकदीतला वीस टक्क्यांचा फरक वजनाने पुसायचा म्हटलं तर ३० किलो लागतात. म्हणून माझा नियम असा की वजनाने एकूण दहा टक्क्यांपर्यंतचाच फरक भरून काढायचा. त्यापलीकडचा फरक असेल तर गट चुकला आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तुम्ही नेमकं तिकडेच निघालेले दिसता.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका स्पर्धेचा मी तपासनीस होतो. काम केलेल्या गटात पहिले तिन्ही नंबर टू-स्ट्रोकने नेले. फोर-स्ट्रोकवाल्यांनी टेबलाला घेराव घातला. मी तिथेच, चहाचा कप हातात असताना, जाहीर करून टाकलं की पुढच्या वेळी टू-स्ट्रोकला आठ किलो. पुढची स्पर्धा एप्रिलच्या शेवटी ठेवली होती, भर उन्हात. बहुतेक टू-स्ट्रोक पहिल्याच फेरीत बाहेर. तिसऱ्या स्पर्धेला टू-स्ट्रोक दोनच आल्या, चौथीला तो गट रद्द केला. एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमीनं आमचं इंजन नाई, मन बसवलं." गाडी सीझ होते त्याला आपल्याकडे 'बसली' म्हणतात, म्हणून ते वाक्य जास्त लागलं.

नंतर घरी वही उघडून बसलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे डिसेंबरातले तिन्ही विजेते पन्नास-पंचावन्न किलोचे पोरं होते, आणि किमान वजन मी फक्त गाडीचं लावलं होतं, स्वार धरून नाही. फोर-स्ट्रोकवर बसणारे सत्तरच्या वर होते. पंधरा किलोचा फरक स्वारांतच होता, १६० मध्ये नऊ टक्के. म्हणजे वेळेत जवळपास ३ टक्के. आणि तेवढ्याच फरकाने ते जिंकले होते. इंजिनाचा त्यात फारसा संबंधच नव्हता!

दुसरी गोष्ट हवेची. डिसेंबरात सकाळी १२ अंश, एप्रिल-मेमध्ये दुपारी ४३. एवढ्या फरकाने हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. ते दोघांनाही लागू आहे. पण इंजेक्शनची फोर-स्ट्रोक हवेचं तापमान मोजून स्वतःच पेट्रोल कमी करते. कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण दाट होतं, गाडी घुटमळते. त्यात टू-स्ट्रोकचं मिश्रण आधी क्रँककेसमधून फिरून वर जातं. लागोपाठ दोन धावा झाल्या की केस तापलेली असते आणि आत येणारी हवा आणखी विरळ होते. हवेवर थंड होणारं बॅरल, वरून आपलं ऊन, खालून सिमेंट. ज्या पोराकडे कार्बोरेटरचे दोन-चार जेट (पेट्रोल किती सुटावं ते ठरवणारे तुकडे) खिशात होते तो टिकला, बाकीचे डिसेंबरच्याच जेटवर आले होते. एका थंड सकाळच्या निकालावरून मी उन्हाळ्याचा नियम केला होता.

तेव्हापासून काही गोष्टी पक्क्या धरतो. किमान वजन नेहमी स्वारासह, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं धरून. वजनातला बदल कधीही त्याच दिवशी जाहीर करायचा नाही. दोन स्पर्धांच्या नोंदी झाल्याशिवाय करायचाच नाही, आणि एका वेळी ३ किलोंपेक्षा जास्त नाही. तुलना करताना विजेत्याचा वेळ धरायचा नाही. दोन्ही प्रकारांतल्या पहिल्या चार-चार गाड्यांची सर्वांत चांगली धाव घ्यायची, तीही एकाच तासाभरातली, आणि त्यांची सरासरी समोरासमोर मांडायची. १ टक्क्याच्या आत फरक असेल तर हात लावायचा नाही. तेवढा फरक क्लच सोडण्यातही पडतो.

रिॲक्शन टाइम त्यात मिसळू देऊ नका. हिरवा दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ हा माणसाचा, चाक हलल्यापासून रेषेपर्यंतचा वेळ हा गाडीचा. जिंकणं-हरणं दोन्ही मिळून ठरतं, पण वजनाचा हिशोब फक्त दुसऱ्यावर. तुमच्याकडे लेझरचं टायमर नसेल तर निदान मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा दोन्ही रेषांवर ठेवा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा असेल तर एका चित्राचं अंतर सुमारे ०.००४ सेकंद. शंकरपटात शेकड्याने जोड्या सेकंदाच्या हिशोबात लावतात आणि घड्याळावरून भांडण झालं तर पूर्ण गाव जागेवर थांबतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. तळेगाव दशासरच्या पटाला जाऊन या एकदा. बैलांच्या शर्यतीत कित्येक ठिकाणी जात विचारत बसत नाहीत, दात पाहून, म्हणजे वय पाहून, गट ठरतो. गवळाऊ असो की खिल्लार, गटात आला की घड्याळासमोर सारखा. आपल्यालाही गट दात पाहून पाडायचे आहेत. फक्त दात बॅरलच्या आत असतात, एवढाच त्रास.

अंतराचं बोलू. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तुमच्याकडे रस्ताच पाचशेचा. ४०२ मीटर धावून उरलेल्या शंभरात शंभराच्या वेगाची गाडी थांबवायची म्हणजे गिरणीच्या भिंतीला नमस्कार. मोठ्यांनीही अंतर कमी केलं आहे. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटाचा अपघाती मृत्यू झाल्यावर एनएचआरएने टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान वर्गांची धाव पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. तुम्ही अष्टमांश मैल ठेवा, २०१ मीटर. थांबायला जवळपास तीनशे मीटर उरतात. यात कमीपणा काही नाही.

पण हे लक्षात घ्या की अंतर बदललं की इंजिनांचा तोलही बदलतो. आरएक्स १०० ला चारच गियर, आर-वन-फाइव्हला सहा. पोर्टिंग केलेल्या टू-स्ट्रोकची ताकद अरुंद पट्ट्यात असते आणि चार गियरांत दर वेळी गियर टाकला की सुई त्या पट्ट्याच्या खाली पडते. पाव मैलात तो तोटा पूर्ण भरावा लागतो. दोनशे मीटरमध्ये तिसरा संपेपर्यंत रेषा येते. हलकी गाडी, कमी अंतर, गियरची पडझड कमी, म्हणून तुमच्या मैदानावर टू-स्ट्रोक माझ्या वहीतल्यापेक्षा थोडी बरी ठरेल असा माझा अंदाज आहे. म्हणून सुरुवात अशी करा: काम केलेल्या गटात फोर-स्ट्रोक स्वारासह किमान २०० किलो, टू-स्ट्रोक स्वारासह किमान १७०. आर-वन-फाइव्ह आणि साठ किलोचा स्वार २०० च्या आसपास बसतात, आरएक्स आणि तसाच स्वार १६३ च्या. टू-स्ट्रोकला सात किलो बांधावे लागतील, सत्तरच्या स्वाराला एकही नाही. समजा काम केलेली आरएक्स १८ हॉर्सपॉवर देते आणि फोर-स्ट्रोक २१. मग एका हॉर्सपॉवरमागे ९.४ आणि ९.५ किलो. कागदावर बरोबरी. रेषेवर काय होतं ते दोन स्पर्धांनी कळेल.

बांधलेलं वजन कुठे बांधलं यावरही नियम लिहा. हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. हलकी गाडी सुटताना पुढचं चाक उचलते, स्वाराला थ्रॉटल कमी करावा लागतो आणि वेळ तिथेच जातो. तुम्ही शिक्षा म्हणून सात किलो शिसं दिलंत आणि त्याने ते इंजिनाच्या पुढे, चेसिसच्या खालच्या नळीला बांधलं, तर त्याचं पुढचं चाक खाली राहतं आणि गाडी आधीपेक्षा चांगली सुटते. शिक्षेचं बक्षीस झालं! वजन सीटच्या खाली, मागच्या एक्सलच्या पुढे, बोल्टने आवळलेलं, एवढं लिहून टाका. दोरीने बांधलेलं, टेपने चिकटवलेलं चालणार नाही. एकदा एका बहाद्दराने सीटखाली भिजवलेलं गोणपाट कोंबून वजन करून घेतलं होतं. लायनीत जाईपर्यंत अर्धं पाणी गळालं, मागे ओली रेघ दिसली म्हणून सापडला.

म्हणून वजन धावेनंतर करायचं. रेषा पार केली की गाडी सरळ काट्यावर, मध्ये मित्र नाही, पाण्याची बाटली नाही. आणि काटा कोणता? तुम्ही लिहिलं आहे की जिनिंगचा वे-ब्रिज जवळच आहे. तो नको. कापसाच्या ट्रकचा काटा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने वाचतो. तुमचा पूर्ण नियमच सात किलोंचा, आणि काटा पाच-दहाच्या खाली बोलतच नाही. आडतीवर धान्याच्या पोत्यांसाठी ३०० किलोचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो, तो शंभर ग्रॅमपर्यंत सांगतो. तसे दोन आणा, पुढचं चाक एकावर, मागचं दुसऱ्यावर, दोन्ही एका पातळीत, आणि बेरीज करा. सकाळी सगळ्यांसमोर वीस किलोचं वजनमाप ठेवून दाखवा. एवढं केलंत की निम्म्या तक्रारी उपजतच नाहीत.

मूळ गटाची तपासणी जास्त कठीण आहे. बाहेरून मूळ दिसणारी आरएक्स आतून पूर्ण कोरलेली असू शकते. सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारा. कंपनीच्या ओतकामाची खडबड वेगळी दिसते आणि फाइल किंवा ग्राइंडरची चमक वेगळी. शंका आली तर हेड काढून बॅरलच्या माथ्यापासून एक्झॉस्ट पोर्टची वरची कड किती खाली आहे ते व्हर्नियरने मोजा. आधी दोन-तीन न उघडलेल्या बॅरलवर मोजून तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे वादाच्या वेळी "तुमाले काय मालूम" असं कोणी म्हणणार नाही. तक्रार करणाऱ्याने अनामत भरायची. खोटी निघाली तर ती रक्कम गॅस्केट आणि मजुरीसाठी समोरच्याला. सायलेन्सरसाठी अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर चालणारी एक युक्ती मला फार आवडते. जिंकलेल्या गाडीचा ठरावीक भाग ठरावीक किमतीला विकत घ्यायचा हक्क हरलेल्याला द्यायचा. पाइपची किंमत समजा ४,००० ठरवली तर पंधरा हजारांचा पाइप लावून कोणी येत नाही. तपासनीसाची गरजच कमी होते.

पेट्रोल मंडळाने एकाच पंपावरून कॅनमध्ये आणायचं आणि धावेआधी सगळ्यांच्या टाकीत तेच. मेथेनॉलचा प्रयोग करणारे आपल्याकडेही आहेत. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के असतं, जुन्या कार्बोरेटरच्या जेटवर गाडी लीन, म्हणजे पातळ मिश्रणावर, चालते. हे टू-स्ट्रोकवाल्यांना आधीच सांगा. नाही तर पहिल्याच धावेत पिस्टनला भोक पडेल आणि दोष तुमच्या पेट्रोलवर येईल. तेलाचं मिश्रण ज्याचं त्याने करावं.

हातचं राखून धावणाऱ्यांचं काय? वजन वाढेल या भीतीने आरामात जिंकायचं, फरक दिसू द्यायचा नाही. याला पूर्ण इलाज नाही, प्रो स्टॉकवाल्यांनाही सापडला नाही. माझा अर्धा इलाज असा की जिंकण्याच्या बक्षिसाबरोबर दिवसाच्या सर्वांत कमी वेळेला वेगळं रोख बक्षीस ठेवायचं, दोन्ही इंजिनप्रकारांना स्वतंत्र. विदर्भातला पोरगा वजनाचा हिशोब किती वेळ लक्षात ठेवील? समोर पाच हजारांची पाटी दिसली की थ्रॉटल आपोआप फिरतो.

हे सगळं जड वाटत असेल, गाड्या वीसपेक्षा कमी येणार असतील, तर आणखी एक वाट आहे. ब्रॅकेट शर्यत. प्रत्येक जण आपल्या गाडीचा वेळ स्वतः पाटीवर लिहून देतो. एकाने ९.२० लिहिलं, दुसऱ्याने १०.१०, तर हळू गाडीला ०.९० सेकंद आधी सोडायचं. लिहिलेल्यापेक्षा कमी वेळात पोहोचलात तर बाद. यात टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, अगदी बापाची स्प्लेंडरसुद्धा एका लायनीत चालते आणि वजनकाट्याची गरज नाही. इलेक्ट्रिक स्कूटरचंही तुम्ही विचारलं होतं, तिलाही इथेच घ्या. शून्य आरपीएमवर पूर्ण टॉर्क देणाऱ्या मोटरसाठी सीसीचा कोणता नियम लावणार? मी ब्रॅकेट दोनदा घेतली. पोरांना समजावायला वेळ लागतो, "फास गेलो म्हून हारलो, हे कोनतं इंग्रजी?" हे पहिल्या फेरीला ऐकावं लागतं. दुसऱ्या फेरीपासून तेच पोरं खडूने आकडे खोडून पुन्हा लिहायला लागतात. माझा सल्ला विचाराल तर सकाळी ऊन चढायच्या आत वजनाचे दोन गट आणि अकरानंतर सगळ्यांना खुली ब्रॅकेट.

तारीख जानेवारीतली धरा, कापूस वेचणी आणि तूर कापणी पाहून. आणि काटे शनिवारी संध्याकाळीच उचलून आणा. रविवारी आडत बंद असते.